समुद्र व शूटिंग दर्शन

आमच्या घरमालकांनी जन्मात एकही सिनेमा पाहिला नव्हता, आणि सिनेमांचं शूटिंग झालेल्या जागा लोकांना दाखवणं हा त्यांचा धंदा होता. महाडातल्या त्यांच्या घराच्या फाटकाला एक पत्र्याची पाटी टांगलेली असे. स्वतःच्या हाताने रंगवलेली : ‘समुद्र व शूटिंग दर्शन. सकाळी निघून संध्याकाळी परत. एका वेळी एकच कुटुंब. अष्टमी-नवमीस चौकशी करू नये.’ खोली बघायला गेले तेव्हा ती पाटी वाचून मी फाटकातूनच परत फिरणार होते. पण पोलादपूरच्या शाळेत भूगोल शिकवायला मी नुकतीच लागले होते, आणि एकट्या बाईला मनासारखी खोली काही मिळत नव्हती. म्हटलं, माणूस वेडा असला तरी छप्पर शहाणं दिसतंय. अशी मी त्यांच्याकडे राहायला आले आणि चार वर्षं राहिले.

मी त्यांना काका म्हणत असे. गाव त्यांना ड्रायव्हरकाका म्हणे. नावाने हाक मारणारं त्यांच्या वयाचं कुणी फारसं उरलं नव्हतं. आयुष्यभर एसटी चालवली, त्यातली बरीच वर्षं महाड-श्रीवर्धन. क्लच दाबून दाबून डावा गुडघा कामातून गेलेला. निवृत्त झाल्यावरही खाकी पँट सुटली नव्हती. एक जुनी जीप घेतली होती, तिला ते रोज सकाळी आंघोळ घालत, आणि काकू स्वयंपाकघरातून म्हणत, “माझ्या भांड्यांना एवढं पाणी मिळत नाय.”

अष्टमी-नवमीचं कोडं मला पहिल्या आठवड्यातच उलगडलं. काकांच्या सगळ्या सहली पंचांगावर चालत. हरिहरेश्वरला देवळामागून खडकांवरून प्रदक्षिणा आहे, ती ओहोटीलाच करता येते. ती वेळ धरून निघायचं, मग उरलेला किनारा. अष्टमीच्या आसपास समुद्राला भांग असतो. “पाणी धड जात नाय, धड येत नाय,” काका म्हणत. “असला समुद्र दाखवून मी काय करू?” शुक्रवारची सुट्टी काढून आलेल्या गिऱ्हाइकाला ते सरळ सांगत, की उद्या जमणार नाही, मंगळवारी या. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, चतुर्थीला तीन वाजता, हे मला त्यांनी शिकवलं. पाठ्यपुस्तकात चंद्राचं मोठं चित्र होतं, पण वेळ कशी काढायची ते कुठेच नव्हतं. मी ते वर्गात शिकवलं आणि आमच्या मुख्याध्यापकांनी मला बोलावून विचारलं, की हे अभ्यासक्रमात कुठे आहे.

शूटिंगची माहिती त्यांना एसटीनेच दिली. किनाऱ्याच्या रस्त्यावर शूटिंगवाले रस्ता अडवून बसत आणि यांची गाडी तिथे खोळंबे. बाकीचे ड्रायव्हर शिव्या घालत. हे खाली उतरत, बघत, आणि घरी आल्यावर वहीत लिहून ठेवत. ती वही मी वाचलेली आहे. एक नोंद मला अजून पाठ आहे : ‘चैत्र शुद्ध तृतीया. आरावीच्या पुढचं वळण. छत्रीवाल्या बाईला घोड्यावर बसवायचं होतं. घोडा बसू देईना. एक तास दहा मिनिटं.’ नट कोण, नटी कोण, सिनेमा कुठला, यातलं अक्षर नाही. एकदा तर त्यांची भरलेली एसटीच शूटिंगवाल्यांना हवी होती. वळणावरून येताना दाखवायची म्हणून त्यांनी गाडी तीनदा मागे घ्यायला लावली. काकांनी घेतली. चौथ्यांदा सांगितल्यावर यांनी इंजिन बंद केलं आणि टोपीवाल्या साहेबाला म्हणाले, “तुमच्या कॅमेऱ्याला टायमिंग नाय, माझ्या गाडीला हाय.” आणि सगळं युनिट बाजूला करून निघून आले. निवृत्तीनंतरही कुठे शूटिंग चालू आहे असं कानावर आलं की जीप काढून जात, लांब उभं राहून बघत आणि वहीत लिहीत.

सिनेमा मात्र बघायचा नाही. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, “त्यात माणसंच मधे येतात. मागचं काय दिसत नाय.”

काकूंना गाडी लागायची, म्हणून बायकामाणसांना सोबत हवी या सबबीखाली काकांनी मला रविवारची मागच्या सीटवर बसवायला सुरुवात केली. “बाई, मोकळ्या असाल तर चला,” एवढंच आमंत्रण. मोकळी नसले तरी मी जायची, कारण तो माणूस गिऱ्हाइकांशी कसा वागतो हे बघण्यासारखी करमणूक महाडात दुसरी नव्हती. जीपमध्ये टेप लावायची नाही. समुद्र पहिल्यांदा दिसायच्या वळणाआधी गाडी थांबायची, सगळ्यांनी उतरायचं आणि पाच मिनिटं नुसतं ऐकायचं. मग वळायचं. जास्त बोलणारं कुटुंब असेल तर एक-दोन ठिकाणं न सांगता गाळली जात.

पुण्याचं एक कुटुंब मला आठवतं. वाळूत एका जागी नेऊन काकांनी त्यांना सांगितलं, “हितं नाचगाणं झालेलं.” कुटुंबप्रमुखांनी विचारलं, हिरो कोण होता. काका म्हणाले, “उंच होता.” उंच म्हणजे कोण, नाव काय. “नाव नाय माहीत. अनवाणी नाचायला लावलं होतं आणि वाळू तापलेली. कट म्हटलं की हा पळत जाऊन बादलीत पाय घालायचा. मला वाईट वाटलं त्याचं.” पुणेकर वैतागले. पण त्यांची धाकटी मुलगी चपला काढून तिथे उभी राहिली, आणि चटके बसल्यावर ओरडून हसली. काकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू धंद्याचं सार्थक झालं.

स्टँडवर दुसरा एक जीपवाला होता. तो कुठल्याही किनाऱ्यावर गिऱ्हाइकाला हवा तो सिनेमा झालेला दाखवायचा. त्याची जीप कधी रिकामी नसे. काकांची आठवड्यातून चार दिवस दारात उभी. बिरवाडीकडच्या कारखान्यातले एक साहेब उत्तरेकडचे पाहुणे घेऊन आले होते. त्यांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, “पाहुण्यांच्या आवडत्या पिक्चरचं नाव सांगा की, तुमचं काय जातंय?” काका म्हणाले, “बघितलं ते दाखवतो. ऐकलं ते नाय.” साहेबांनी पुढच्या वेळी दुसरी जीप केली. मी काकांना म्हटलं, तुम्ही धंद्याला नालायक आहात. त्यांना ते बरोबर वाटलं.

हे सगळं गमतीचं. पण ज्या गोष्टीमुळे मी आज त्यांच्याबद्दल लिहायला बसले ती गमतीची नाही.

एका संध्याकाळी मी शाळेतून आले तर ओट्याच्या अगदी कडेला एक नवरा-बायको बसलेले. पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला डोंगरात त्यांची वाडी. एका कंडक्टरने त्यांना काकांचा पत्ता सांगितला होता. बाईने रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक फोटो काढला. विशीतला मुलगा, दोन्ही हातांनी ऊन परतवायचा मोठा चंदेरी पत्रा धरून उभा, उन्हाने डोळे बारीक केलेले. मागे समुद्र, डोंगराची उतरण आणि मधोमध चीर गेलेला काळा खडक.

“हा आमचा पोरगा,” बाप म्हणाला. “मुंबयला शूटिंगमंदी लायटीवर व्हता. गेल्या उन्हाळ्यात कोकनात समुद्राकाठी आठ दिस काम केलं, परत गेला, ताप आला आनि चार दिसांत गेला. आमी पोचलो तवा संपलं व्हतं.”

मुलाचं सामान घेऊन आलेल्या मुकादमाने फोटो दिला, पण गाव कुठलं ते त्याला सांगता आलं नाही. त्या उन्हाळ्यात त्याची माणसं वेगवेगळ्या गटांनी दोन-तीन किनाऱ्यांवर कामाला होती.

बाई काकांकडे बघून म्हणाली, “तो ज्या जागंला धडधाकट उभा व्हता ना, ती जागा मला बघायची हाय. येकदा बघितली की झालं.”

काकांनी वही आणली. गेल्या उन्हाळ्यातली एक नोंद होती : शेखाडीच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीतला लहान किनारा, चिरलेला खडक, मोठं युनिट. ते फोटोकडे बघत राहिले. बाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. काका म्हणाले, “हीच जागा. मी नेतो.”

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. गोरेगाव, म्हसळा, श्रीवर्धन करत तिथे पोचायला दुपार झाली. आमच्या सगळ्या सहलींतला तो सर्वांत सुंदर किनारा. तीन बाजूंनी डोंगर, पांढरी वाळू, पाऊल उमटलेलं नाही. काकांनी खडक दाखवला. बापाने नारळ वाहिला आणि वाळूत बसून मोकळेपणी रडला. आई रडली नाही. ती इकडे तिकडे बघत होती, आणि तिने एकच प्रश्न विचारला, “हितं घरं नायत?” काका नाही म्हणाले. मला तो प्रश्न साधा वाटला. परत येताना मी तिला म्हटलं, फोटो पुसट होत चाललाय, महाडात मोठा करून देते. तिने तो माझ्या हातात दिला, पण पिशवी मात्र स्वतःकडेच ठेवली.

स्टुडिओवाल्याने फोटो वहीच्या पानाएवढा करून दिला. मी कौतुकाने काकांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, उन्हात नेला, परत सावलीत आणला आणि खुर्चीवर बसले. मुलाच्या कोपरामागे लहान फोटोत नुसता डाग दिसत होता. मोठ्या फोटोत तो डाग नव्हता. बांबूची आडवी काठी होती आणि तिच्यावर बोंबील वाळत घातले होते.

जिथे एक घर नाही तिथे बोंबील कोण वाळत घालणार? त्या किनाऱ्यावर कोळ्यांची वस्ती कधीच नव्हती.

“मी ते शूटिंग बघितलेलं, बाई,” काका म्हणाले. “पन ह्या पोराला बघितलं नव्हतं. ती बाई अशी बघत होती माझ्याकडं, की तोंडातनं निघून गेलं.”

मी त्यांना इतकं खचलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यानंतर महिनाभर त्यांनी एकही सहल घेतली नाही. ओहोटीची वेळ काढायची, मोठा फोटो घ्यायचा आणि एकेक कोळीवाडा पालथा घालायचा. फोटोत खडक पायथ्यापर्यंत उघडा होता, त्यामुळे पाणी पूर्ण ओसरल्यावरच तो ओळखू येणार होता. तीन वेळा हात हलवत परत आले. चौथ्या खेपेला मी बरोबर होते. खाडीच्या तोंडाशी एक वाडा, दहा-पंधरा घरं, होड्यांना डांबर लावलेलं, जाळी, मांजरं आणि नाकाला झिणझिण्या आणणारा सुकटीचा वास. काका गुडघा धरून चिखलातून पुढे गेले. खडकाची चीर जुळली, मागच्या डोंगराची उतरण जुळली, बोंबलांच्या काठ्याही होत्या तिथेच होत्या. ते मागे वळून मला म्हणाले, “आता त्यांना सांगायला पाहिजे.”

त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, “काका, ती माणसं नारळ वाहून, रडून मोकळी झाली. आता कशाला खपली काढता? आणि दाखवणार काय, तर चिखल आणि सुकट. त्यापेक्षा तो किनारा किती छान होता.”

“त्यांचा पोरगा तिथं कधी उभाच नव्हता.”

“पण त्यांना कुठे माहीत आहे?”

“मला हाय ना,” काका म्हणाले.

तुमचं मन हलकं व्हावं म्हणून तुम्ही त्यांना पुन्हा रडवणार, असंही मी बोलले. ते लागलं त्यांना. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी काकूच वर माझ्या खोलीत येऊन म्हणाल्या, “अडवू नका त्यांना. रात्र रात्र कूस बदलतायत.” मी रविवारी गेले ती रागातच गेले. त्यांच्या गुडघ्याची काळजी म्हणून जाते, असं काकूंना सांगितलं.

पोलादपूर सोडून घाटरस्त्याला थोडं गेलं की जीप लावायची आणि पुढे पाऊण तास चढायचं. काका दर वीस पावलांनी थांबत होते. वाडीत पोचलो तेव्हा ती बाई अंगणात नाचणी पाखडत होती. बाप आतून आला, त्याने घोंगडी पसरली. काका बसले नाहीत. उभ्यानेच हात जोडून म्हणाले, “मी तुम्हाला चुकीची जागा दाखवली.”

बापाला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्याचा आवाज चढला. “मंग आमी नारळ कुनाला दिला?”

“समुद्राला दिलात, तो पोचला. पन जागा ती नव्हती. चूक माझी हाय. मी बघितलं नव्हतं, तरी बोललो. खरी जागा सापडलीय. तुम्ही म्हणाल तेव्हा नेतो. नाय म्हणालात तरी चालंल, पन तुम्हाला माहीत पाहिजे.”

बाप तोंड फिरवून उभा राहिला. मी मनात म्हटलं, झालं समाधान? तेवढ्यात बाईने सूप खाली ठेवलं.

“त्या जागंला घरं हायत?” तिने विचारलं.

“हायत. कोळीवाडा हाय.”

“पानी?”

“विहीर हाय. दारात.”

तिने सुपातले दाणे हाताने सारखे केले. मग खाली बघत बोलू लागली. “त्या दिवसापासनं ती पयली जागा माझ्या डोळ्याफुडनं हलंना. घर नाय, दार नाय, घोटभर पानी नाय. नुसती वाळू. आठ दिस पोरगा हितं काय खात असंल, कोन जेवू घालीत असंल, ह्येच. उपाशी राबला म्हनून ताप आला असंल, असं वाटायचं. ह्यांना सांगितलं नाय, म्हटलं कशाला.”

मला मान वर करवेना. सुंदर किनारा म्हणून मी ज्याची वकिली करत होते, त्याने त्या बाईला महिनाभर जाळलं होतं.

ती उठली, आत जाऊन लुगडं बदलून आली आणि नवऱ्याला म्हणाली, “चला वो. आजच जाऊ.”

पोचायला दुपार टळून गेली. काकांनी तिला खडकापाशी नेलं, फोटो हातात दिला आणि स्वतः मागे सरकले. तिने फोटो बघितला, खडक बघितला, काठ्यांवरच्या बोंबलांना हात लावून बघितला. आणि मग समुद्राकडे पाठ करून घरांकडे चालू लागली. पहिल्याच घराच्या पडवीत एक जाडजूड कोळीण मासळी साफ करत होती. शूटिंगवाल्यांचं जेवण कोण करायचं, असं काकांनी विचारल्यावर ती म्हणाली, मीच करायची, दोन्ही वेळचं.

आईने फोटो तिच्यापुढे धरला. “हा माझा पोरगा. जेवायचा का गो तुझ्याकडं?”

कोळिणीने हात पुसले आणि फोटो बराच वेळ बघितला. ती हो म्हणाली असती तर कुणाचं काय बिघडणार होतं, असं मला वाटून गेलं. पण ती म्हणाली, “तोंड नाय आठवत, बाय. चाळीसेक जनं व्हती, खोटं कशाला बोलू. पन पत्रेवाली पोरं सगल्यांच्या आदी येऊन बसायची, ऊन खाऊन भुकेली असायची. दोन-दोन येलेला भाकऱ्या थापायची मी. माज्या पडवीतनं कोन उपाशी नाय उठला.”

“काय द्यायचीस?”

“तांदलाची भाकर नि कालवन. जे गावंल त्याचं.”

आई पडवीच्या पायरीवर बसली. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “मंग मला बी वाढ.”

कोळिणीने काही न विचारता ताट केलं. भाकरी, कोलंबीचं कालवण, वर कांदा. बाप माझ्याशेजारी उभा होता. तो हळूच म्हणाला, “पोरगा गेल्यापासनं तिनं स्वताहून ताट मागितलं नाय, बाई. मी वाढून द्यायचो.” तोवर तिने पहिली भाकरी संपवली होती आणि दुसरीसाठी हात पुढे केला होता.

काका जीपला टेकून उभे होते. मी त्यांच्याजवळ गेले आणि म्हटलं, “काका, माझं चुकलं.”

“गप ऱ्हावा, बाई,” ते म्हणाले. “ती जेवतीय.”